टार्पींच्या पबातलं दुसरं जेवण

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कोलमन गेराटी क्लूनाडरा गावातल्या टार्पींच्या पबात शिरला आणि रांगेत उभा राहिला.

रांग दारापर्यंत आली होती. फेब्रुवारी महिना, बाहेर वारा, आठशे वस्तीचं गाव, आणि जेवायला रांग. त्याला बरं वाटलं. सवयीने त्याने माणसं मोजली. पुढे चौदा होती, बहुतेक काळ्या कोटात. त्याचा स्वतःचाही कोट काळाच होता. तीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देताना अंगवळणी पडलेला. पबाचं दार मागे भिंतीला टेकवून अडकवलं होतं. त्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, पण ती भिंतीच्या बाजूला गेल्यामुळे दिसत नव्हती.

हे त्याचं इथलं दुसरं जेवण होणार होतं, आणि ते नीट होणं गरजेचं होतं.

कोलमन 'हिरव्या पुस्तका'साठी जेवतो. पुस्तकाचं खरं नाव लांबलचक आहे, पण कव्हर हिरवं म्हणून सगळे त्याला हिरवं पुस्तकच म्हणतात. देशातल्या लहान गावांत चांगलं जेवण कुठे मिळतं, एवढंच त्यात असतं. एका जागेला दहा ओळी आणि एका काउंटीला एक पान. कोलमनकडे शॅनन नदीच्या पश्चिमेकडची एक काउंटी होती, त्याची स्वतःची. त्या पानावर कधीकाळी नऊ नावं होती. गेल्या वर्षी दोन उरली. यंदा डब्लिनहून संपादक सोरखा डेव्हेनने स्पष्टच सांगितलं होतं, "कोलमन, एक तरी नाव द्या. एकही नसेल तर पान काढावं लागेल. रिकामं पान मी छापू शकत नाही." मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. पान गेलं की पुस्तक गाडीत ठेवून फिरणारी माणसं गॉलवेच्या हमरस्त्यावरून सरळ पुढे जाणार, डावी-उजवीकडे वळायचं कारण त्यांना उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात त्याने पाच गावं पालथी घातली होती. एका हॉटेलातला आचारी नाताळानंतर गॉलवेला निघून गेला होता. नदीकाठच्या एका जागी बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याची धिरडी, काय सुरेख मिळायची. तिथल्या मालकिणीने कॅनडाचं तिकीट काढलं आणि आता तिथे मोबाइल दुरुस्त करतात. बाकी तीन ठिकाणी लझानिया, त्याच्याबरोबर चिप्स आणि वर कोबीची कोशिंबीर. तिन्ही ठिकाणचं सूप एकाच पाकिटातून आल्यासारखं. एका ठिकाणी लझानिया मध्यभागी बर्फासारखा गार होता. वाढणाऱ्या मुलीने येऊन विचारलं, "सगळं ठीक ना?" आणि कोलमन म्हणाला, "छान." शेजारच्या टेबलावरचे दोघे तोच गार लझानिया खात होते, तेही "छान" म्हणाले. कोलमनने मग गाडीत बसून खरं काय ते लिहिलं.

टार्पींकडे तो नोव्हेंबरात एकदा येऊन गेला होता. त्या दिवशी बेकन, कोबी आणि पार्सलीचा पांढरा सॉस होता. वहीत त्याने चारच शब्द लिहिले होते: 'पुन्हा यावं. लवकर यावं.' पुस्तकाचा नियमच होता की एका जागी दोनदा जेवायचं, मध्ये दोन महिने जाऊ द्यायचे. फळ्यावर लिहिलेलं असेल त्यातूनच मागवायचं. आणि ओळख द्यायची नाही, कुणी ओळखूही नये. वाटेवरचा कुणीही माणूस येतो तसं यायचं आणि तसंच जायचं.

रांग पुढे सरकली. पुढच्या माणसाने टोपी काढली, वाकला, आणि कुणाचा तरी हात हातात घेतला.

"वाईट झालं, बेबी."

"हो रे. पण सुटला तो. आत जा, सूप घे."

तेव्हा कोलमनला कळलं. ही रांग जेवणाची नव्हती. दाराच्या आत उंच पाठीच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी, हातात काठी. तिला वाऱ्यात दफनभूमीपर्यंत जाणं जमलं नव्हतं, म्हणून दफन आटोपून आलेले लोक इथेच तिला भेटून आत जात होते. पब आज बाहेरच्यांसाठी बंद होता. दारावरच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असणार.

त्या काउंटीत सकाळचा चहा घ्यायच्या आधी प्रत्येक माणूस निधनवार्ता वाचतो. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये, जेवण कुठे. कोलमनने तर त्या पंधरा वर्षं तपासून छापल्या होत्या. आज तो सात वाजताच गाडी काढून निघाला होता आणि त्याने त्या वाचल्या नव्हत्या.

मागे वीसेक माणसं उभी होती. हात आपसूक पुढे गेला.

"वाईट झालं," तो म्हणाला.

"बरं झालं आलास," म्हातारी म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही. "कुणाचा तू?"

"गेराटी. ॲथलोनहून आलोय."

"ते आत्ता कुठून आलास ते झालं. कुणाचा, विचारलं मी." तिने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "थांब. आठवेल मला. आधी सूप घे, गार होईल. ॲट्रॅक्टा, याला खिडकीपाशी बसव, लीट्रिमहून आलेल्या मंडळींत. तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही."

ॲट्रॅक्टा टार्पी म्हणजे पबाची स्वयंपाकीण. पन्नाशीची, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने काही न विचारता त्याला खिडकीपाशी नेलं आणि पुढ्यात वाडगा ठेवला. तेव्हाही उठून जाता आलं असतं. पण अंत्यविधीच्या जेवणावरून सूप पुढ्यात आल्यावर उठलेला माणूस त्या गावात वीस वर्षं लक्षात राहिला असता. आणि सूप लीक-बटाट्याचं होतं, वाफ निघत होती. कोलमनने चमचा उचलला.

पहिल्या घोटाला त्याने चमचा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. बटाटा पूर्ण वाटलेला नव्हता, मधून मधून लागत होता. लोणी शेवटी घातलं होतं.

"पॅकीला कसे ओळखायचात तुम्ही?" शेजारच्याने विचारलं. हा लीट्रिमचा नव्हता. तो गावचा पोस्टमन फिंटन गिलहूली. दुसरीकडे जागा नाही म्हणून इथे बसलेला.

"फारसं नाही," कोलमन म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"मग तुम्ही नशीबवान. मला रोज ओळखावं लागायचं. सत्त्याऐंशी वर्षांचा होता आणि कुत्रं बांधायचा नाही." फिंटनने सोडा ब्रेडवर लोणी फासलं. "गाजरं येतील आता, ती त्याच्याच मळ्यातली. मंगळवारी ॲट्रॅक्टा स्वतः जाऊन उपटून आली. जिवंतपणी कुणाला कपभर चहा पाजला नाही पठ्ठ्याने, आता अख्ख्या गावाला जेवू घालतोय."

समोरच्या लीट्रिमच्या बाई हसल्या आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून गप्प झाल्या.

गाजरं आली. त्यांच्याबरोबर भाजलेलं बीफ, गडद रस्सा, भाजलेले बटाटे आणि कुस्करलेले बटाटे, दोन्ही. कोलमन हळू जेवला. चाळीस लोकांसाठी एकटीने रांधलेलं जेवण सहसा एकसारखं उतरत नाही. कुठेतरी काहीतरी वाळतं, काहीतरी पाणचट होतं. इथे तसं काही सापडेना. गाजरात फक्त लोणी आणि थोडं मिरं होतं. कित्येक वर्षांत त्याने असं गाजर खाल्लं नव्हतं.

"खाऊन घ्या," फिंटन म्हणाला. "ईस्टरनंतर नाही मिळायचं."

"का?"

"मॅलकी स्वयंपाकघर बंद करतोय." त्याने मान वळवून बारमागच्या जाड माणसाकडे दाखवलं. मॅलकी टार्पी, ॲट्रॅक्टाचा भाऊ, पबाचा मालक. "म्हणतो, एक सँडविच भाजायचं यंत्र आणतो, झालं. बहीण-भावात दोन महिने धुसफूस चाललीय. शेवटी तिने त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं. म्हणाली, हिरव्या पुस्तकात नाव आलं तर सप्टेंबरपर्यंत चालू ठेवायचं, मग पाहू. तो हो म्हणाला. त्याला काय, नाव थोडंच येणार आहे. ते लोक इकडे फिरकतात कुठे?"

कोलमनने बटाट्याचा तुकडा रश्शात बुडवला आणि बराच वेळ चावत राहिला.

शेवटचं गोड, ट्रायफल, संपत आलं तेव्हा काठीचा आवाज जवळ आला. पॅकीची बहीण बेबी लेव्हिन चौऱ्याऐंशीची होती. अकरा भावंडांत धाकटी म्हणून लहानपणी जे नाव पडलं, ते आता कुणाला विचित्र वाटत नव्हतं. फिंटनने उठून तिला आपली खुर्ची दिली. ती कोलमनसमोर बसली.

"आठवलं," ती म्हणाली. "पेपरवाला गेराटी. तू आमच्या पॅकीला पेपरात घातलंस."

टेबलावरचे सगळे त्याच्याकडे वळले.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोलिसांनी रात्री एक वाजता याच पबावर धाड घातली होती. बंद व्हायची वेळ उलटून गेल्यावर आत सापडलेल्या अकरा जणांना कोर्टात उभं केलं, आणि कोलमनने अकराच्या अकरा नावं छापली. पत्ता, वय, सगळं. त्या काळी दर महिन्याला कुणी ना कुणी त्याच्या टेबलापाशी टोपी हातात घेऊन यायचं: तेवढं माझं नाव गाळा. त्याने कधी कुणाचं गाळलं नाही. स्वतःच्या मेहुण्याचंही नाही.

"कामच होतं ते माझं," तो म्हणाला.

"नाव घातलंस त्याबद्दल कोण बोलतंय? आत सापडला होता तो, स्टुलाखाली बसला होता. वय चुकवलंस तू."

"शक्य नाही."

"अठ्ठावन्न छापलंस. बावन्नचा होता."

"कोर्टाच्या कागदावर असेल तेच मी..."

"कागदावर बावन्नच होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं." बेबीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तेव्हा बॉइलच्या एका बाईबरोबर त्याचं जमत आलं होतं. तिला त्याने अठ्ठेचाळीस सांगितलेलं. बावन्न छापून आलं असतं तर त्याने निभावून नेलं असतं. अठ्ठावन्न कसं निभावणार माणूस?"

फिंटनने खिडकीबाहेर पाहिलं. त्याचे खांदे हलत होते.

"तिने त्यामुळे नकार दिला?" कोलमनने विचारलं.

"पॅकी मरेपर्यंत तेच सांगायचा. खरं विचारशील तर तिने त्याचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. पण चूक ती चूक."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"तुला सांगायला कोण येणार? तू ऐकायचास का कुणाचं?" तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता करणारी माणसं बोलतात तशी ती शांतपणे बोलत होती. "आता सांगितलं. दुरुस्ती कर."

"बाई, तो पेपर बंद पडून नऊ वर्षं झाली."

"मग सध्या जिथे लिहितोस तिथे कर. लिहितोसच ना अजून काहीतरी?" तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं. "मघापासून बघतेय. मास्तर पेपर तपासतो तसा जेवतोयस."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी कोलमन मागच्या दाराने पबाच्या अंगणात आला. बिअरच्या रिकाम्या पिंपांच्या आडोशाला उभं राहून त्याने फोनवर पुस्तकाचा अर्ज उघडला. तारीख भरली. जागा भरली. पुढे दोन चौकटी होत्या. 'फळ्यावरून मागवलं: हो / नाही.' 'ओळखलं गेलं: हो / नाही.' एकीत हो आणि एकीत नाही, एवढ्या दोन खुणा केल्या की पान वाचत होतं, स्वयंपाकघर सप्टेंबरपर्यंत चालत होतं, आणि हे जेवण त्या लायकीचं होतं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. डब्लिनमध्ये कुणाला कळलं नसतं.

अठ्ठावन्नचा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. त्यातला आठही त्याने असाच घाईघाईत, खात्रीने लिहिला असणार. त्याने सोरखाला फोन लावला.

"जेवलात?" ती म्हणाली.

"जेवलो."

"कसं होतं?"

"पुस्तकासाठी जेवतोय त्या सात वर्षांत असं खाल्लं नाही."

"मग पाठवा की. पान लावून ठेवलंय मी."

"फळ्यावर काही नव्हतं, सोरखा. अंत्यविधीचं जेवण होतं. बाहेरच्यांना आज बंद होतं."

पलीकडे खुर्ची करकरली. "कुणाचा अंत्यविधी?"

"पॅकी लेव्हिन म्हणून होता एक."

"तुमच्या ओळखीतला?"

"नाही. एकदा त्याचं वय चुकवलं होतं मी."

"म्हणजे तुम्ही एका अनोळखी माणसाच्या अंत्यविधीला न बोलावता जाऊन जेवलात."

"रांग होती. मी रांगेत उभा राहिलो."

ती हसली, आणि मग थांबली. "आज निधनवार्ता वाचल्या नाहीत? तुम्ही? पहिल्या भेटीत मला तुम्हीच सांगितलंत, आधी निधनवार्ता, मग चहा."

"नाही वाचल्या." त्याने कॉलर वर केली. "पण ऐक. नियम काय म्हणतो? वाटेवरचा कुणीही माणूस आत येईल आणि त्याला जे मिळेल ते. मी वाटेवरचाच होतो. दार उघडं होतं, मला बसवलं, चाळीस लोकांना वाढलं तेच मला वाढलं."

"ओळखलं का तुम्हाला?"

"ट्रायफलच्या वेळी. तोपर्यंत मी कुणीच नव्हतो."

"कोलमन, हेच जर दुसऱ्या कुणी लिहून पाठवलं असतं, तर तुम्ही घेतलं असतं?"

वाऱ्याने एक रिकामं खोकं अंगणातून या टोकाहून त्या टोकाला नेलं.

"नसतं घेतलं," तो म्हणाला.

"मग." कागद उलटल्याचा आवाज आला. "शनिवारी उघडं असतं?"

"बारापासून."

"छापखान्याला विचारते, एक पान सोमवारी दुपारपर्यंत थांबतं का. थांबलं तर मीच येते. तुम्ही त्या गावाच्या आसपास दिसायचं नाही. आणि त्यांना एक अक्षर सांगायचं नाही."

"नाही सांगत. शनिवारी तू डब्लिनहून आलीस तरी कुणाला कळणार नाही."

त्याने फोन खिशात टाकला आणि मागे वळला. हातभर अंतरावर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. आत ॲट्रॅक्टा मोठं पातेलं घासत होती.

"तुम्ही ऐकलंत," कोलमन म्हणाला.

"मी कशाला ऐकू? नळ चालू होता."

दोघांनीही नळाकडे पाहिलं. नळ बंद होता.

"शनिवारी काय असतं तुमच्याकडे?" त्याने शेवटी विचारलं.

"बेकन-कोबी. बावीस वर्षं शनिवारी बेकन-कोबीच असतं."

"वेगळं काही करावंसं वाटलं तर..."

"कशाला वाटेल? शनिवारी मैदानावर मॅच असते. पोरं चिखलाने भरलेली येतात, त्यांना त्यांचं बेकन लागतं. कुणी बाहेरून येणार म्हणून त्यांना काहीतरी तिसरंच वाढलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." तिने पातेलं उपडं घातलं. "ट्रायफल कसं होतं?"

"छान," कोलमन म्हणाला. जिभेवर बसलेला शब्द, आपसूक आला.

ॲट्रॅक्टाने हात पुसले आणि खिडकीशी आली.

"छान नका सांगू मला. बावीस वर्षं सगळे छान म्हणतायत. मीठ विसरले तरी छान. मॅलकीसुद्धा रोज छान म्हणतो, ताट चाटूनपुसून खातो आणि बंद करू म्हणतो. तुम्हाला कळतं ना जेवणातलं? मग खरं बोला."

असं कुणी त्याला समोरासमोर विचारलं नव्हतं. तो जे काही लिहायचा ते गाडीत बसून, काचा वर करून. त्याने आधी घसा साफ केला.

"ट्रायफलमध्ये शेरी जास्त झाली. जेली घट्ट होती, चमच्याने कापावी लागली. बीफ चांगलं, पण रस्सा त्याहून चांगला. गाजरांना हात लावू नका, ती तशीच राहू द्या. आणि ब्रेडमध्ये आज मीठ कमी होतं. नोव्हेंबरात बरोबर होतं."

"नोव्हेंबरात," ॲट्रॅक्टा म्हणाली.

कोलमनने रिकाम्या पिंपांकडे पाहिलं.

"कोपऱ्यातलं टेबल," ती सावकाश म्हणाली. "दोनदा सॉस मागितला होता, ते तुम्ही."

"एकदाच."

"दोनदा." तिने खिडकीचा कट्टा पुसला, तो आधीच कोरडा होता. "जेलीचं मलाही वाटलं होतं. आणि मीठ, हो. पहाटे चारला मळलं मी ते पीठ. कुणीतरी सांगितलं हे बरं झालं." ती खिडकी ओढून घेऊ लागली, अर्ध्यावर थांबली. "नळ चालू होता बरं का."

गाडीत बसल्यावर कोलमनने सोरखाला संदेश पाठवला. 'मी बोलत होतो तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. स्वयंपाकिणीने ऐकलं असावं. नळ चालू होता असं ती म्हणते. नळ बंद होता.' मग तो दुकानात गेला, सांत्वनाचं एक कार्ड घेतलं आणि गाडीच्या टपावर ठेवून त्यात लिहिलं: 'दुरुस्ती. पॅकी लेव्हिन यांचं वय बातमीत अठ्ठावन्न छापलं गेलं होतं. ते बावन्न होतं. चूक माझी. कोलमन गेराटी.' खाली फोन नंबर घातला. पेपरात दुरुस्तीखाली तो घालायचेच. चौकातल्या बेबीच्या घराच्या दारातल्या फटीतून त्याने ते आत सरकवलं आणि ॲथलोनची वाट धरली.

सोरखाचं उत्तर चार वाजून वीस मिनिटांनी आलं. 'कळलं.' एवढंच. शुक्रवारी पाचला आणखी एक ओळ आली: 'पान सोमवार दुपारी बारापर्यंत थांबवलंय.' ती येणार की नाही, हे त्यात नव्हतं.

शनिवारी कोलमन घरीच होता. त्याने सकाळी निधनवार्ता वाचल्या, मग चहा घेतला. क्लूनाडरात कुणी गेलं नव्हतं. बारा वाजता त्याने रेडिओ लावला, बंद केला, आणि बागेत जाऊन काहीही न करता परत आला. पावणेएकला फोन वाजला.

"दुरुस्ती मिळाली," बेबी लेव्हिन म्हणाली. "चौकटीत लावणार आहे. पॅकीच्या फोटोशेजारी."

"बरं."

"बॉइलच्या त्या बाईलाही एक प्रत पाठवायची होती, पण ती दहा वर्षांपूर्वीच गेली. बरं, मी दुसऱ्याच कामासाठी फोन केलाय. खिडकीत बसलेय. तुझी ती डब्लिनची पोरगी कसली गाडी चालवते?"

कोलमनने डोळे मिटले. "कोण पोरगी?"

"मला काय ठाऊक? ॲट्रॅक्टाने काही ऐकलेलं नाही, आणि जे ऐकलं नाही ते तिने फक्त मला सांगितलंय."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"एका जिवाला नाही. फिंटनला तेवढं सांगितलं."

"पोस्टमनला."

"तो कुणाला सांगतोय? त्याने प्रत्येकाला बजावलंय कुणाला सांगायचं नाही म्हणून." बेबीने श्वास घेतला. "नीट ठरलंय आमचं. बाहेरची बाई आली तर तिच्याकडे कुणी बघायचं नाही, काही विचारायचं नाही. कुणाची तू, तेसुद्धा नाही. त्याचाच सगळ्यांना त्रास होणार आहे. मॅलकी तर साडेअकरापासून दाराकडे पाठ करून उभा आहे. परवापर्यंत बंद करायचं म्हणत होता, आज त्याने फळ्यावरची अक्षरं दोनदा पुसून लिहिली."

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"बेकन-कोबी. दुसरं काय असणार शनिवारी?"

"तिला सगळं माहीत आहे, बेबी," कोलमन म्हणाला. "मी कळवलंय. खिडकी उघडी होती ते."

पलीकडे काठी एकदा जमिनीवर आपटली.

"कळवलंस," ती म्हणाली. "म्हणजे तू अजून तसाच आहेस."

"हो."

"बरं आहे. निदान आकडे तरी बरोबर लिहायला लागलास." मग तिचा आवाज बदलला. "थांब. पुलावरून गाडी येतेय. निळी. हळू चालवतेय, आपल्याकडचं कुणी एवढं हळू नाही चालवत. नंबर दिसतोय. डी आहे. डब्लिनची आहे ही."

"तिची गाडी कसली आहे, मला माहीत नाही. कधी पाहिली नाही."

"चौकात थांबली. आत एकच बाई आहे. हातात काहीतरी हिरवं... नाही, तो स्कार्फ असेल. डावीकडे वळायचा दिवा लावलाय."

चौकातून डावीकडे दोनच ठिकाणं आहेत. एक दफनभूमी, आणि तिच्या अलीकडे टार्पींचा पब.

"वळली का?" कोलमनने विचारलं.

"मध्ये मॅचला चाललेला ट्रॅक्टर आलाय आडवा, या मेल्यालाही आत्ताच... थांब, दुसऱ्या खिडकीतून बघते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काठीचा, सावकाश, लांब लांब जाणारा. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. कोलमनने फोन कानाशी धरून ठेवला.

एक वाजून दोन मिनिटांपर्यंत बेबी फोनपाशी परत आली नव्हती; लांबून तिचं ट्रॅक्टरवाल्यावर ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.